काकूंची तेविसांची यादी

२०२५ चा सप्टेंबर. आइस हॉकीपटू मिच मार्नर लास व्हेगासला गेला त्याला आता तीन महिने होतील, पण आमच्या कुंपणावर त्याचं सुतक अजून फिटलेलं नाही. पितृपक्ष होऊन गेला, घट बसले, मिसिसागातल्या मराठी मंडळींचे भोंडले ठरले, त्याच्या जुन्या संघाचं, टोरांटो मेपल लीफ्सचं, सराव शिबिर सुरू झालं. तरी शेजारच्या काकू परसात गवार खुडायला आल्या की पहिलं वाक्य ठरलेलं.

“गेला तो बरा गेला.”

“बरा कसा, काकू? १०२ पॉइंट केले त्याने गेल्या मोसमात. २७ गोल, ७५ असिस्ट. शंभरी गाठणारा दुसरा कोण आहे आपल्याकडे?”

“आणि मे महिन्यात कुठे होती ती शंभरी?”

मे महिना काढला की माझं तोंड बंद होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मे महिना म्हणजे फ्लोरिडा पँथर्सबरोबरची प्लेऑफची मालिका. सातपैकी चार सामने जिंकायचे. पहिले दोन लीफ्सनी घेतले आणि अख्खं शहर रस्त्यावर यायचं बाकी राहिलं. मग तिसरा जादा वेळेत गेला, चौथा गेला, आणि शेवटच्या चार सामन्यांत मिळून लीफ्सचे गोल झाले चार. पाचवा आणि सातवा सामना घरच्या बर्फावर होता. दोन्ही १-६ ने हरले. १८ मेच्या त्या रात्री लोकांनी अंगातल्या जर्स्या काढून बर्फावर फेकल्या. आमच्या चिरंजीवांची १६ नंबरची, पाठीवर मार्नर लिहिलेली जर्सी वाचली, कारण प्लेऑफची तिकिटं आम्हाला परवडत नाहीत आणि आम्ही घरी सोफ्यावर होतो.

“मार्नर एकटा थोडाच हरला?” मी म्हणते.

“एकटा नाही हरला. पण १०.९ मिलियन डॉलर एकटाच घेत होता ना?”

काकू गिरगावातल्या. लग्न होऊन टोरांटोत आल्या त्या १९७६ साली. त्याच हिवाळ्यात डॅरिल सिटलरने बॉस्टनविरुद्ध एका रात्रीत दहा पॉइंट केले होते, सहा गोल आणि चार असिस्ट. तो विक्रम आजवर कुणाला मोडता आलेला नाही. गल्लीतलं क्रिकेट सोडून आलेल्या नव्या नवरीला पहिल्याच वर्षी असलं काही ऐकायला मिळालं तर ती काय करणार? नवरा, म्हणजे आमचे नाना, कामावरून येईपर्यंत रेडिओ लावून बसायच्या. इंग्रजी आधी कळलं की हॉकी, हे त्यांनाही आता सांगता येत नाही. जुनं मेपल लीफ गार्डन्स त्यांनी आतून पाहिलंय. टीम १९९९ मध्ये तिथून हलली. आता त्या इमारतीत लॉब्लॉजचं किराणा दुकान आहे, आणि मैदानाचा मध्यबिंदू जिथे होता तिथे फरशीवर एक लाल ठिपका काढून ठेवलाय. काकू डाउनटाउनला गेल्या की त्या ठिपक्यावर ट्रॉली उभी करून यादी काढतात. मागची माणसं खोळंबली तरी त्यांना फरक पडत नाही.

पण कप? कप काकूंनीही पाहिलेला नाही. लीफ्सनी स्टॅनले कप शेवटचा जिंकला तो १९६७ च्या मे महिन्यात. आपल्याकडे कोयनेचा भूकंप झाला ते वर्ष. तेव्हा लीगमध्ये संघच सहा होते. आज बत्तीस आहेत. तेरा कप आहेत क्लबच्या नावावर, पण तेरावा आल्याला ५८ वर्षं झाली. गणपतीला पुढच्या वर्षी लवकर या म्हटलं तर तो बिचारा येतो तरी.

“अगं, त्यांच्या हॉकीत राम नाही,” नाना आतून, जाळीच्या दारापलीकडून बोलतात. नाना खडकीचे. खडकीच्या माणसापुढे हॉकी म्हटलं की एकच नाव निघतं, आणि ते नाव धनराज पिल्लेंचं. “धनराजने चार ऑलिम्पिक खेळली. बँकॉकला ९८ साली बत्तीस वर्षांनी एशियाडचं सुवर्ण आणलं, आणि आल्या आल्या काय केलं? संघातून काढलं! त्याला आणि बरोबरच्या आणखी काहींना. तुमच्या मार्नरला काढलंसुद्धा नाही, तो आपल्या पायाने गेला आणि वर ९६ मिलियन घेऊन गेला. कसलं सुतक धरता?”

नानांच्या या बोलण्यावर काकू उत्तर देत नाहीत, फक्त माझ्याकडे बघून डोळे मिटतात. संसाराची पन्नास वर्षं अशीच निघाली असावीत.

तर ते ९६ मिलियन. आठ वर्षं, वर्षाला १२. ही देवघेव कशी झाली ते काकूंनी मला दोनदा समजावून सांगितलं, कारण पहिल्यांदा मी चहा उतू जातोय म्हणून पळाले होते. खेळाडूचा करार संपला की तो मोकळा, कुठेही जाऊ शकतो. पण तेव्हाच्या नियमाने नवा क्लब त्याला फार तर सात वर्षांचा करार देऊ शकत होता. आठवं वर्ष देण्याची मुभा फक्त जुन्या क्लबला होती. म्हणून लीफ्सनी आधी आठ वर्षांचा करार आपल्या नावाने केला आणि मग तो करारासकट व्हेगासला देऊन टाकला. बदल्यात निकोला रॉय मिळाला. उंच, दणकट सेंटर, २०२३ मध्ये व्हेगासने कप जिंकला त्या संघातला.

“म्हणजे फुकट नाही गेला,” मी म्हटलं.

“फुकट नाही, पण किमतीलाही नाही गेला. किंमत मिळाली असती दोन वर्षांपूर्वी.”

आता इथे मात्र माझं आणि काकूंचं एकमत आहे. मार्नरच्या जुन्या करारात एक कलम होतं, त्याच्या मर्जीशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नाही असं. ते लागू झालं १ जुलै २०२३ ला. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत त्याला विकून दोन चांगले खेळाडू आणि वर एखादा होतकरू पोरगा आणता आला असता. पण त्याच मे महिन्यात आधीच्या जनरल मॅनेजरला, काइल डुबसला, काढलेलं. नवे ब्रॅड ट्रेलिव्हिंग खुर्चीवर बसले ते महिना संपता संपता. त्यांना माणसं ओळखायला मिळाला एक महिना, आणि जून संपताच दार बंद झालं. पुढे लोक मार्नरला दोन वर्षं शिव्या घालत राहिले की हा जात का नाही. कराराने दिलेला हक्क माणूस का सोडेल? मार्कहमचा पोरगा, आईवडिलांपासून तासाभरावर राहणारा. मला तो दोषी वाटतच नाही. दोष कॅलेंडरकडे न बघणाऱ्यांचा.

“आणि टॅक्सचं विसरू नका,” माझा नवरा गवत कापायचं यंत्र थांबवून मध्येच म्हणाला. तो पेशाने अकाउंटंट आहे, त्यामुळे हॉकीतलं त्याला तेवढंच दिसतं. “ऑन्टारिओत वरच्या पट्ट्यात ५३ टक्क्यांच्या वर कर जातो. नेवाडात राज्याचा आयकरच नाही. फ्लोरिडातही नाही. पँथर्स लागोपाठ दोनदा कप जिंकले ते काय हवेवर?”

“हवेवरच,” काकू म्हणाल्या. “जानेवारीत हाफ पँटीत फिरायला मिळतं त्यांना. तू गवत काप.”

पगाराचा हा हिशेब कळल्याशिवाय टीमवर भांडण्यात अर्थ नाही, असं काकूंचं ठाम मत आहे, आणि मला ते पटतं. भारतातून फोनवर माझा भाऊ विचारतो, एवढा श्रीमंत क्लब आहे तर चार चांगले खेळाडू विकत का घेत नाही? घेता येत नाहीत. सगळ्या संघांना पगाराची एकच कमाल मर्यादा. गेल्या मोसमात ती ८८ मिलियन डॉलर होती, यंदा ९५.५ झाली. टोरांटोला तेवढेच आणि विनिपेगलाही तेवढेच. त्यातून कप्तान ऑस्टन मॅथ्यूजला १३.२५, विल्यम नीलँडरला ११.५, मॅथ्यू नाइसला नव्या करारात ७.७५, बचावातल्या मॉर्गन रायलीला ७.५. झाले चौघांतच चाळीस! उरलेल्या साडेपंचावन्नात एकोणीस जण बसवायचे.

“मार्नरच्या जुन्या पगारात बघ कोण कोण आलं,” काकू शेंगा एका हाताने टोपलीत टाकत दुसऱ्या हाताची बोटं मोजायला लागल्या. “रॉय, ३ मिलियन. डकोटा जोशुआ, व्हँकुव्हरहून आणलेला, सव्वातीन. आणि तो फिनलंडचा मातियास माचेली, युटाहून आला तो, तीन पॉइंट चार-काहीतरी. तिघांचे मिळून पावणेदहाच्या आत. वर सव्वा मिलियन सुट्टे उरतात.”

“आणि तिघांचे मिळून पॉइंट किती? गेल्या मोसमात सत्तरसुद्धा नाहीत, काकू. सुट्ट्या पैशांनी गोल होत नाहीत.”

“तू पॉइंट मोजतेस, मी पाय मोजते. सहा पाय आले. मेमध्ये बर्फावर एकेकाचे पाय दमले होते.”

यावर मी काय बोलणार? काकूंचा हा मुद्दा खोटा नाही. प्रशिक्षक क्रेग बरुबे याला अंगावर जाणारी, सरळ पुढे घुसणारी, कडेच्या भिंतीशी झटापट करणारी हॉकी लागते. २०१९ मध्ये सेंट लुईसला त्याने तसाच कप जिंकून दिला. रॉय आणि जोशुआ त्या पठडीतले. त्यातल्या जोशुआवर काकूंचा विशेष जीव. गेल्या उन्हाळ्यात त्याची कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, त्याने स्वतःच ते जाहीर केलं, आणि हिवाळ्यात पुन्हा खेळायला उभा राहिला. त्या मोसमातले त्याचे आकडे मी काढले की काकू मला अडवतात. “त्याच्या आदल्या वर्षीचे बघ. अठरा गोल.” अठरा होते खरे.

पण मला छळतो तो वेगळा प्रश्न. ते ७५ असिस्ट. पक तिघाचौघांच्या काठ्यांमधून काढून नेमका मॅथ्यूजच्या काठीवर ठेवायचा, हे काम मार्नर करायचा. मॅथ्यूजने २०२३-२४ मध्ये ६९ गोल केले. गेल्या वर्षी दुखापतीत अडकला आणि ३३ वर थांबला. यंदा तो धडधाकट आहे असं सगळे म्हणतात. मान्य. पण त्याच्या एका बाजूला नाइस, दुसऱ्या बाजूला कोण? माचेलीच्या हाताला नजर आहे, दोन वर्षांपूर्वी त्याने ५७ पॉइंट केले होते, पण अंगाने किरकोळ. मॅक्स डोमी तडफदार, पण पाच मिनिटांत पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसेल. नीलँडरलाच तिथे खेळवावं असं माझं म्हणणं. ४५ गोल केलेत त्याने.

“म्हणजे दुसऱ्या लाइनमध्ये टवारेस एकटा पडणार,” काकू म्हणाल्या.

जॉन टवारेसचं नाव निघालं की आमच्या गल्लीत आवाज खाली येतो. तो मिसिसागात जन्मलेला. २०१८ मध्ये न्यू यॉर्क सोडून इकडे आला तेव्हा त्याने लहानपणीचा एक फोटो टाकला होता: लीफ्सच्या चादरीवर, लीफ्सच्या उशीवर झोपलेलं पोर. त्या फोटोवर इथल्या आयांनी किती डोळे पुसले असतील! सात वर्षं ११ मिलियनने खेळला, मध्ये कप्तानपद मॅथ्यूजकडे गेलं तरी कुरकुर केली नाही, आणि यंदा पस्तिशी गाठताना ४.३८ मिलियनवर चार वर्षांची सही करून मोकळा झाला. गेल्या मोसमात ३८ गोल होते त्याचे. बाहेर कुणीही दुप्पट दिले असते.

“बघ,” काकू म्हणाल्या, “मुलगा असावा तर असा.”

“मार्नरही मार्कहमचाच, काकू.”

“मार्कहम कुठे, मिसिसागा कुठे!” गिरगावकर दादरबद्दल बोलतात तो स्वर.

बचावाच्या फळीवर आम्ही भांडत नाही. रायली, टॅनेव, मकेब, कार्लो, एकमन-लार्सन, बेनवा. गेल्या वर्षीची माणसं जवळपास जशीच्या तशी. दोघेतिघे वयाने वाढलेत एवढंच.

खरी मजा शेवटच्या दोन जागांची. यादीत तेवीस जण ठेवता येतात, सामन्याला वीस उतरतात: अठरा खेळणारे आणि दोन गोली. पुढच्या फळीत चौदा ठेवायचे तर शिबिरात दावेदार पंधरा-सोळा. कोण राहणार, कोण जाणार हे ओळखणं म्हणजे भोंडल्यातली खिरापत ओळखण्यासारखं: डब्यावर झाकण, आत काय ते यजमानणीलाच माहीत, आणि बाकीच्या बायका गोड की तिखट म्हणून ओरडताहेत. प्रशिक्षक बरुबे डबा हलवूनसुद्धा दाखवत नाही.

माझा जीव ईस्टन काउअनवर. वीस वर्षांचा, लंडनजवळच्या माउंट ब्रिजेस गावातला शेतकऱ्याचा पोरगा. आमचं ऑन्टारिओतलं लंडन, इंग्लंडचं नव्हे. यंदाच त्याच्या लंडन नाइट्स संघाने ज्युनिअर हॉकीतला मेमोरियल कप जिंकला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हाच ठरला. शिबिरात पोरगा भिरभिरतोय. पण घोळ असा की त्याच्याएवढ्या नव्या खेळाडूला खालच्या संघात, टोरांटो मार्लीजकडे, गुपचूप पाठवता येतं. जुन्याजाणत्या खेळाडूला तसं पाठवता येत नाही. आधी त्याला चोवीस तास बाकीच्या एकतीस संघांपुढे ठेवावं लागतं, आणि कुणी उचलला तर तो गेला. त्यामुळे मॅनेजर नेहमी ज्याला धोक्याशिवाय खाली पाठवता येईल त्यालाच पाठवतो. कोण चांगला खेळतो हा प्रश्न दुय्यम.

“हे काय न्यायाचं झालं?” मी म्हणाले.

“न्याय?” काकू टोपली कुंपणाच्या फळीवर ठेवून सरळ उभ्या राहिल्या. हे चिन्ह गंभीर. “न्यायाचं मला सांगतेस? मी पद्माकर शिवलकरांना गोलंदाजी करताना बघितलंय. प्रथम श्रेणीत ५८९ बळी! एक कसोटी नाही. का? तर पुढे बेदी उभा. वाईट खेळले म्हणून नाही राहिले ते, जागा नव्हती म्हणून राहिले. तुझा काउअन वीस वर्षांचा आहे, त्याचा नंबर लागेल. निक रॉबर्टसनचं काय?”

रॉबर्टसन हा काकूंचा शिवलकर. २०१९ पासून क्लबमध्ये आहे, फटका जबर, गेल्या मोसमात पंधरा गोल, आणि तरी दर चार सामन्यांनी वर प्रेसबॉक्समध्ये बसायला लागतं. दर उन्हाळ्यात हा विकला जाणार अशी वदंता, दर सप्टेंबरला हजर. यंदाही एका वर्षाचाच करार, १.८२५ मिलियनचा. मला विचाराल तर तो बचावात ढिला आहे आणि बरुबेला ढिला माणूस खपत नाही. पण हे काकूंना सांगायची सोय नाही. मी काउअन म्हटलं की त्या रॉबर्टसन म्हणतात. डेव्हिड कॅम्फला काढा यावर मात्र दोघींचं जमतं. चौथ्या लाइनच्या सेंटरला २.४ मिलियन देणं आता परवडण्यासारखं नाही. त्याला काढला की दोघंही बसतात, असं मी वहीत मांडून दाखवलं. काकूंनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, “यार्नक्रोक धरलास का?” पुढच्या फळीतला हा आणखी एक दावेदार मी नव्हता धरला. मग पुन्हा एकाची जागा गेली.

एवढ्यात पलीकडच्या कुंपणावरून पाजी डोकावले. त्यांच्या घरी हॉकी पंजाबीत ऐकली जाते. ‘हॉकी नाइट इन कॅनडा’चं पंजाबी समालोचन २००८ पासून चालू आहे, आणि शनिवारी रात्री त्यांच्या खिडकीतून जो आवाज येतो त्यावरून गोल कुणी केला ते आम्हाला टीव्ही न लावता कळतं. पाजींचं दुःख वेगळंच. “मॅनी को छोडा, वहीं गलती हुई,” ते म्हणतात. मॅनी मल्होत्रा, हाही मिसिसागात जन्मलेला, लीफ्सचा सहायक प्रशिक्षक होता २०२४ पर्यंत. मग ॲबट्सफर्डचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि पहिल्याच वर्षी, यंदाच्या जूनमध्ये, खालच्या लीगचा कॅल्डर कप जिंकून बसला. त्या संघात अर्शदीप बैन्सही होता. पाजी हे दर आठवड्याला सांगतात. आम्हीही दर आठवड्याला नव्याने आश्चर्य व्यक्त करतो, शेजारधर्म आहे.

हे सगळं होईस्तोवर अर्धा तास गेला होता आणि एका शब्दाने कुणी गोलीचं नाव काढलं नव्हतं. माझी जुनी तक्रार आहे ही. घरोघरी मार्नर, माचेली, चौथी लाइन, आणि नेटमध्ये कोण उभा राहणार याचा पत्ता नाही. गेल्या मोसमात ॲन्थनी स्टोलार्झने फटके अडवण्याची .९२६ ची टक्केवारी राखली, लीगमध्ये अव्वल. पण तो खेळला ३४ सामने, आणि तेच त्याच्या आयुष्यातले एका मोसमातले सर्वाधिक. ४२ सामने जोसेफ वोलने काढले. मे महिन्यात पहिल्याच सामन्यात पँथर्सच्या सॅम बेनेटचं कोपर स्टोलार्झच्या डोक्याला लागलं आणि पुढे त्या मालिकेत तो खेळलाच नाही. मार्नरच्या नावाने जर्स्या फेकणाऱ्यांना हे आठवत नाही. ८२ सामन्यांचा मोसम दोघांनी वाटून घ्यायचा होता, आणि आता शिबिराच्या तोंडावर वोल रजेवर गेला.

“का गेला गं?” मी विचारलं.

“घरचं काही असेल. ते आपण बोलायचं नाही,” काकू म्हणाल्या आणि विषय तिथेच मिटला. त्यांचं गल्लीतल्या प्रत्येक घराची सून, पगार आणि गुडघे यांवर बोलून झालेलं आहे. पण खेळाडूच्या घरात शिरायचं नाही, हा नियम त्या पाळतात. क्लबनेही खासगी कारण एवढंच सांगितलंय. बस झालं.

“मग आता कोण?”

“रायमर.”

मी कुंपणाची फळी धरली. जेम्स रायमर! सदतीस वर्षांचा. त्याला करार नाही, नुसतं चाचणीसाठी शिबिरात बोलावलंय. टोरांटोच्या माणसाला रायमर म्हटलं की २०१३ दिसतं: बॉस्टन, सातवा सामना, तिसऱ्या सत्रात ४-१ ची आघाडी, आणि शेवटी जादा वेळेत ४-५. नेटमध्ये हाच होता. भला माणूस आहे, त्या रात्री त्याच्यापुढचे पाचही जण झोपले होते, तरीही.

“त्याच्यावर ठपका ठेवू नकोस,” काकू म्हणाल्या. “बारा वर्षं झाली. माणसाला परत यावंसं वाटतं यातच काय ते आलं. मार्नर बघ तीन महिन्यांत विसरला.”

“विसरला कशावरून? तुम्हाला पत्र टाकायला हवं होतं का?”

यावर नाना जाळीच्या दाराआडून मोठ्याने हसले. काकूंनी त्यांच्याकडे न बघता गवारीची टोपली माझ्या हातात दिली. पुढच्या आठवड्यात दव गोठायला लागलं की झाडं संपली, तेव्हा आहे ते नेऊन कर म्हणाल्या. दाण्याचं कूट जास्त घाल, हेही.

जर्सीचा प्रश्न मग निघालाच. चिरंजीव ती घालायला तयार नाहीत आणि टाकायलाही तयार नाहीत. नवी घ्यायची तर कुणाची? टवारेसची घ्या, काकूंचं मत, नाइसची, चिरंजीवांचं. नवऱ्याने किंमत वाचून दाखवली आणि सगळे गप्प झाले. शेवटी काकूंनी उपाय काढला: पाठीवरचं नाव मी उसवून देते, १६ आकडा राहू दे. गिरगावातल्या शिवणक्लासची बाई आहे, टाका दिसणार नाही. उद्या कुणी नवा १६ नंबर घेऊन आलाच तर त्याचं नाव शिवता येईल.

“आणि नाही आला तर?”

“तर मुलगा सोळा वर्षांचा होईल तेव्हा घालेल.”

कोजागिरी ६ तारखेला, सोमवारी. मोसमाचा पहिला सामना बुधवारी, ८ तारखेला, घरच्या बर्फावर आणि समोर माँट्रिअल. कॅनडात शेवटचा कप आला तो त्यांनीच आणलेला, १९९३ साली, आणि ते हे आपल्याला कधी विसरू देत नाहीत. सध्या शहर ब्लू जेजच्या बेसबॉलमागे वेडं आहे, त्यामुळे लीफ्सवर नजर कमी, हे एक बरं. काकूंनी मसाला दूध दोन दिवस पुढे ढकलून सामन्यालाच ठेवलंय. पाजींना आमंत्रण गेलं. नाना बसणार, पण तोंड उघडणार नाहीत असं त्यांच्या वतीने काकूंनीच कबूल केलंय.

“तूही ये, पोराला आण,” त्या आत जाता जाता म्हणाल्या. “पण नवऱ्याला आधीच सांगून ठेव. पहिला गोल खाल्ला की लगेच मार्नरचं नाव काढायचं नाही. निदान दुसरा होईपर्यंत थांबायचं.”